भाव न करणारी पार्टी

संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून यशोगाथा हवी होती. लेथ मशीनपासून स्वतःच्या गाळ्यापर्यंत पोचलेली नवी मुंबईची बाई, वगैरे. सोबत फोटो, शक्यतो हेल्मेट घालून.

मी म्हटलं, "आमच्याकडे हेल्मेट नसतं, गॉगल असतो. आणि यशोगाथा नाही लिहिणार. दळवींचं लिहीन."

दळवींचं प्रकरण संपादकांनी पेपरात वाचलं होतं. "मॅडम, दिवाळी अंक आहे हो."

"मग दुसरी बाई बघा."

"थोडं गोड करून लिहाल?"

"नाही."

शेवटी असं ठरलं, की मजकूर माझ्या मनासारखा आणि फोटो त्यांच्या मनासारखा, गॉगल घालून. सौदा दोघांनाही परवडला.

महाप्याला माझा जॉबवर्कचा गाळा आहे. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या कंपनीला पंप बनवायचा असला तर ती त्याचे सगळे भाग स्वतः करत बसत नाही. एकेका भागाचं ड्रॉइंग काढून आमच्यासारख्यांना वाटून देते. एक भाग माझ्याकडे, दुसरा रबाळ्याला, तिसरा तळोज्याला. आम्ही धातूचा तुकडा मशीनवर चढवतो आणि ड्रॉइंगमधल्या मापाला उतरवतो. त्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. माप बसलं तर माल, नाही बसलं तर भंगार. भंगार झालं की नुकसान माझं, माल झाला की कौतुक कंपनीचं. धंद्याची रीतच ती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढे येईल.

मी जालन्याकडची. तुर्भ्याच्या एका शेडमध्ये बर काढायला लागले तेव्हा मला लेथ आणि चक्की यांतला फरक कळत नव्हता. मशीनवरून उतरलेल्या जॉबच्या कडेला पातळ धारदार कोर राहते, ती बर. ती कानशीनं घासून काढायची. बोटं रोज कापायची. शेडच्या मालकाला मी एकदा विचारलं, नगामागे एवढंच का देता? तो म्हणाला, दुसरीकडे कोण जास्त देईल? मी दुपारच्या सुट्टीत चार शेड फिरून आले आणि कोण किती देतं ते त्याला येऊन सांगितलं. त्यानं मला हाकलली नाही, दर वाढवला. त्या दिवशी मला माझा खरा धंदा कळला. मशीन माझ्याकडे नंतर आलं, घासाघीस आधी आली.

घासाघिशीला लोक हलकी गोष्ट समजतात. माझं मत वेगळं आहे. तळोज्याच्या एका औषध कंपनीचा मेंटेनन्सवाला माझ्याकडे मोडलेला शाफ्ट टॉवेलात गुंडाळून आणायचा, बाळंतघरातून मूल आणावं तसा. "ताई, प्लांट उभा आहे. संध्याकाळपर्यंत द्या." मी भाव सांगायची. तो कपाळावर हात मारून घ्यायचा, मुलांची शिक्षणं काढायचा, उठून दारापर्यंत जायचा, परत यायचा. साहेबाकडून तो याहून मोठा आकडा मंजूर करून आलेला असायचा. मला ते माहीत असायचं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही. तरी आम्ही दोघं जीव तोडून भांडायचो. माणूस भाव करतो तेव्हा त्याला ती वस्तू खरंच हवी असते. मी एवढी वर्षं ह्यावर धंदा केला.

दळवी माझे क्वालिटीचे. तयार जॉब मोजायचा आणि त्यावर ओके किंवा रिजेक्टचा टॅग लावायचा, हे त्यांचं काम. मूळचे संगमेश्वरकडचे, राहायला उलव्याला, पन्नाशी ओलांडलेले. बायको नयना, मुलगी ऋतुजा. दळवी गरीब बिचारे वगैरे अजिबात नव्हते. एक नंबरचे कुजकट. पाटील नावाचा आमचा जुना ऑपरेटर, इथल्याच गावचा आगरी. तो एकदा रिजेक्ट झालेल्या जॉबवरून त्यांच्याशी भांडायला गेला.

"दलवी साहेब, केसाएवरा फरक हाय!"

"पाटील, मोजायला तुमच्या डोक्यावर केस उरलेत कुठे?"

सगळा गाळा हसला, पाटील आठवडाभर बोलला नाही. दळवींशी कोणाचं फार पटायचं नाही. दुपारी ते आपल्या टेबलाशी एकटेच डबा खायचे, तोही भिंतीकडे तोंड करून. पण त्यांचा टॅग लागलेला जॉब कधी परत आला नाही, म्हणून मी त्यांच्या जिभेकडे दुर्लक्ष करायची.

आता फोटोंचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. आमच्या धंद्यात पार्टी रोज विचारते, "काम कुठवर आलं? फोटो पाठवा." तोंडी सांगितलेलं कोणी खरं मानत नाही. मग जॉब टेबलावर ठेवायचा आणि फोटो काढून पाठवायचा. पण नुसत्या गोल तुकड्यांचे फोटो सगळे सारखेच दिसतात. म्हणून रीत अशी पडली, की ड्रॉइंग पसरायचं, त्यावर जॉब ठेवायचा, मग फोटो. म्हणजे कुठल्या ड्रॉइंगचा कुठला जॉब ते समोरच्याला कळतं. ही रीत माझी नाही. महाप्यात, रबाळ्यात, तळोज्यात कुठल्याही गाळ्यात जा, दिवसाला दहा असे फोटो निघतात. मोठ्या कंपनीचे इंजिनिअरच ते मागतात, आणि ड्रॉइंगं तरी कुठून येतात? त्यांच्याच व्हॉट्सॲपवरून.

त्या वेळी माझ्याकडे एका मोठ्या कंपनीचं काम चालू होतं. जहाजांवर बसणाऱ्या एका यंत्राचे भाग. जहाजं कसली ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, पण दळवींना आणि मला अंदाज होता.

त्याच सुमाराला पुण्याहून एका पूर्वाचा मेसेज आला. अमुक कंपनीच्या परचेसमध्ये आहे, भाग बनवून हवेत, कोटेशन द्या. सोबत एक साधं ड्रॉइंग. तांत्रिक बोलणं दळवींच्या नंबरवर गेलं, भावाचं माझ्याकडे आलं. मी पहिला भाव नेहमी चढाच सांगते. समोरच्यानं पाडायचा, मी थोडा उतरवायचा, हा खेळ असतो. पूर्वाचं उत्तर आलं, "ओके मॅडम." आणि एक गुलाबाचं फूल.

मी दळवींना बोलावलं. "ही पुण्याची पार्टी बोगस आहे. सोडून द्या."

"कशावरून?"

"भाव केला नाही."

"एखादीला नसेल येत भाव करायला."

"परचेसवालीला?"

"सगळ्यांनीच काय तुमच्यासारखं भांडत सुटायचं, ताई?" असं म्हणून ते गेले. ऑर्डर काही आली नाही. माझ्यापुरता विषय संपला.

पुढच्या काही महिन्यांत दळवी बदलले. शर्ट इस्त्रीचे आले. डबा खायला ते भिंतीकडची खुर्ची फिरवून बसायला लागले. डबा उघडला की आधी मोबाइल काढून त्याचा फोटो घ्यायचे. पाटील ओरडायचा, "दलवी साहेब, भाजी पन इन्स्पेक्शनला का?" आणि दळवी चिडायच्या ऐवजी हसायचे. एकदा तर त्यांनी पाटलाचा एक जॉब रिजेक्ट करताना "सॉरी हां" म्हटलं. पाटील माझ्या केबिनमध्ये येऊन म्हणाला, "ताई, यांना डॉक्टरकडं न्या." आम्हाला सगळ्यांना बरं वाटत होतं.

मग एका सकाळी पाटीलच धावत वर आला. "ताई, खाली मानसं आलीत. साध्या कपड्यात हायत. दलवी साहेबांचा मोबाइल घेतला."

दळवी टेबलाशी उभे होते. हातात जाडी मोजायचा मायक्रोमीटर तसाच. त्यांना घेऊन जाताना एकानं तो हातातून काढून मोजणीच्या सपाट सरफेस प्लेटवर ठेवला. दळवींनी थांबून तो उचलला, पेटीत नीट ठेवला, पेटी बंद केली आणि गेले.

माझीही चौकशी झाली. लपवायला काही नव्हतं म्हणून मी सरळ सांगितलं, त्या पार्टीचा मला पहिल्या दिवशीच संशय आला होता. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "मग तुम्ही कळवलं का नाही?"

"काय कळवू साहेब? एक बाई भाव करत नाही म्हणून? कुठल्या पोलीस स्टेशनला लिहून घेतात?"

तो हसला नाही. पण त्यानं चहा मागवला आणि मला समजावून सांगितलं. पूर्वा नावाची कोणी नव्हती. पुण्यातही नव्हती, देशातही नव्हती. एका नंबरामागे आळीपाळीनं बसणारी माणसं. काय बोलायचं ते ठरलेलं. व्हिडिओवर दिसायला एक मुलगी, लिहायला दुसरं कोणी. अशी पूर्वा एकट्या दळवींना नव्हती. वर्कशॉपांमध्ये, गोद्यांमध्ये, सरकारी कचेऱ्यांत अशी बरीच माणसं त्यांनी हेरून ठेवलेली असतात, चाळिशी-पन्नाशीची, ज्यांच्याशी दिवसभर कामापलीकडे कोणी बोलत नाही.

मी म्हटलं, "आमच्या एका तुकड्यानं काय कळणार त्यांना?"

"तुमच्या एकाच्या नाही. तुमच्यासारख्या दहा गाळ्यांतून दहा तुकडे आले की मशीन कळतं."

ते मला पटलं. आमचा धंदाच तसा आहे, दहा गाळ्यांतून एक मशीन. दळवींनी जे केलं त्याची शिक्षा असायलाच हवी, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

"किती पैसे घेतले त्यांनी?" मी विचारलं.

"एकही रुपया नाही. तेच तर."

माझं डोकं सणकलं ते तिथे. पैसे घेतले असते तर मला माणूस कळला असता. मी विचारलं, "मग फोटो पाठवले कशासाठी?"

अधिकाऱ्यानं एक व्हॉइस मेसेज ऐकवला. त्यात जॉबची नावं होती, ती बरोबर आहेत का हे त्याला माझ्याकडून हवं होतं. मुलीचा आवाज कोवळा, मराठी जरा शिकल्यासारखं. "जेवलात का? आज काय होतं डब्यात? तुम्ही दिवसभर काय करता ते मला बघायचंय. तुमच्या हातचं काम दाखवा ना." मध्येच तिला खोकला आला. मागून कोणीतरी पुरुष तिच्यावर खेकसला, शब्द कळले नाहीत, आणि तिनं तेच वाक्य पहिल्यापासून म्हटलं, अगदी तेवढ्याच लाडात. त्या गडबडीत अर्धवट मेसेज तसाच गेला होता.

मी अनेक शेडमध्ये काम केलं आहे. मागून सुपरवायझर खेकसला की बाई कशी परत पहिल्यापासून सुरू करते, ते मला ओळखता येतं. ती मुलगीही कोणाच्या तरी नगावरच काम करत असणार. तिच्यावर माझा राग आहेच, पण तो खोकला माझ्या डोक्यातून जात नाही.

तर दळवींनी काम दाखवलं. तीस वर्षं माणूस जॉब मोजतोय. घरी कोणी पाहिलेलं नाही, गाळ्यात कोणी बरं म्हटलेलं नाही. एक मुलगी म्हणाली दाखवा. त्यांनी रीतीप्रमाणे ड्रॉइंग पसरलं, त्यावर जॉब ठेवला आणि फोटो काढला. हात सवयीनं चालला. एकट्या जॉबचा फोटो काढायचं त्यांच्या डोक्यातही आलं नसेल. पहिल्या वेळी नसेल आलं. नंतरच्या वेळी काय, ते कोर्ट ठरवेल.

आता माझी तक्रार. मोठ्या कंपनीनं मला काढून टाकलं. गोपनीयतेचा भंग, म्हणे. बोलावलं तेव्हा समोर चार माणसं बसली होती, त्यांतले दोघे रोज सकाळी आम्हाला "फोटो पाठवा" म्हणणारे. मी विचारलं, "साहेब, ड्रॉइंग मला व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलं?" एक जण लॅपटॉपमध्ये बघायला लागला. "ड्रॉइंगवर जॉब ठेवून फोटो काढा, हे कोणी शिकवलं?" दुसरा म्हणाला, "मॅडम, प्लीज, इमोशनल होऊ नका." मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास पडला तो त्यांच्या कागदांवर सांडला, त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्याला ती कंपनी अजून काम देते. अजून रोज सकाळी त्याला मेसेज येतो, फोटो पाठवा. मला भेटलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते. आता तुम्हालाही सांगितलं.

कोर्टात पहिल्यांदा दळवी भेटले तेव्हा मी त्यांना फाडून खायच्या तयारीनं गेले होते. व्हरांड्यात दोन पोलिसांच्या मध्ये बसले होते, दाढी वाढलेली. मला बघून उभे राहिले.

"ताई, एक विचारायचं होतं."

मला वाटलं, नयनाचं विचारतील. ऋतुजाचं विचारतील.

"तिला त्यांनी काही केलं नसेल ना? माझ्यामुळे?"

"कोणाला?"

ते खाली बघायला लागले.

"दळवी, ती नाहीच आहे. तुम्हाला सांगितलं ना सगळ्यांनी?"

"हो, सांगितलं." मग हळूच म्हणाले, "कधीकधी आवाज वेगळा यायचा. मी विचारलं होतं. सर्दी झालीय म्हणाली." आणि रडायला लागले. माझा हात उठला होता, तो मी तसाच खाली घेतला. पोलीस दुसरीकडे बघत होते.

वर्ष उलटून गेल्यावर जामीन झाला. संगमेश्वरच्या भावानं कळवलं, इकडे येऊ नको, गावात तोंड दाखवायला जागा नाही. उलव्याला नयनानं दार उघडलं नाही. दळवी पिशवी घेऊन माझ्या गेटवर आले आणि वॉचमनच्या शेजारी उभे राहिले. आत या म्हणेपर्यंत आले नाहीत.

गाळ्यात दोन माणसांनी मला सांगितलं, हा आत आला तर आम्ही बाहेर. एक खरंच गेला. पाटील मात्र म्हणाला, "ऱ्हाऊ दे ताई. मोबाइल देऊ नका म्हंजे झालं." मी दळवींना माळ्यावर जागा दिली. आता आमच्याकडे फक्त औषध कंपन्यांचं साधं काम असतं, तेच ते मोजतात. मोबाइल त्यांच्याकडे नाही. कोणी फोटो काढायला लागलं की ते उठून बाहेर जाऊन उभे राहतात. जिभेचा कुजकटपणाही गेला. पाटील मुद्दाम चुकीचं काही बोलून खोड काढतो, दळवी नुसतं हो म्हणतात.

पाटीलच एक दिवस म्हणाला, "ताई, यो माळ्यावर मरंल. घरी पोचवा त्याला. तुमी बोललात त कोन नाय म्हनतं?"

कोणालाही बोलण्यात गुंडाळायला मला येतं, असा माझा समज. मी उलव्याला गेले. नयनानं दार उघडलं, पाणी दिलं आणि समोर बसली. चाळिशी उलटलेली, शांत, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधलेली. वरून विमान गेलं तेव्हा आम्ही दोघी ते जाईपर्यंत गप्प राहिलो.

मी माझं सुरू केलं. माणूस चुकला, पण दुसऱ्या बाईकडे गेला नाही. बाईच नव्हती तिथे. पैशाला हात लावला नाही. केस चालायची तेवढी चालेल. ऋतुजाचं लग्न व्हायचंय, बाप घरात असलेला बरा. एकेक मुद्दा मी पुढे ठेवत गेले, जशी पार्टीपुढे ठेवते.

नयनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला त्यांनी बोलावलं होतं जबाबाला. मेसेज वाचून दाखवले."

"ते विसर आता."

"तुम्ही नाही वाचलेत. माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं त्यात." ती उठली, स्वयंपाकघराकडे गेली. "या, दाखवते."

ओट्याच्या पलीकडे, ड्राय बाल्कनीत एक उंच स्टूल होतं, बसायला गादी लावलेलं. वर धुतलेली पातेली पालथी घातलेली.

"हे आणलं त्यांनी. मला म्हणाले, उभं राहून तुझे गुडघे दुखतात, ओट्याशी बसून करत जा. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गुडघ्यांचं नाव काढलं. मी रडले होते ताई तेव्हा. शेजारणीला बोलावून दाखवलं." तिनं एक पातेलं उगाचच सरळ केलं. "त्या पूर्वानं सांगितलं होतं. मेसेजमध्ये आहे. वहिनींना उंच स्टूल घेऊन द्या. कारल्याची भाजी छान झाली होती, हे रात्री येऊन सांगायचे. तेही तिनंच. आज घरी जाऊन वहिनींना सांगा हं. म्हणजे घरात वाकडं काही नको, कोणाला शंका यायला नको. साहेब म्हणाले, हे सगळं शिकवलेलं असतं त्यांना."

तिनं ते पातेलं परत पालथं घातलं.

"ते माझे सगळ्यात चांगले महिने होते. तेच त्या लोकांनी पाठवलेले निघाले. आता हे घरी येऊन माझ्याशी बरं बोलले, तर मी काय समजू? कोण बोलतंय?"

"स्टुलावर बसतेस का?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही. टाकवत पण नाही. चांगलं सागवानी आहे."

मी आयुष्यात बरेच सौदे हरले आहे. हाही हरले. मी उठले. दारात चपला घालताना एक शेवटचं म्हणून बोलले, कारण रिकाम्या हातानं उठायची मला सवय नाही. "घरात नको घेऊस. तो वडापाववर जगतोय. डबा तरी दे."

ती दाराला धरून उभी राहिली.

"डबा देईन," ती म्हणाली. "ऋतुजाची कंपनी महाप्यालाच आहे, ती गेटवर ठेवेल, संध्याकाळी नेईल. आत येणार नाही. पण त्यांना सांगा, डब्याबद्दल काही बोलायचं नाही. चांगला झाला म्हणायचं नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तुमच्याजवळ पण नाही."

"आणि वाईट झाला तर?"

"वाईट म्हणायला चालेल," नयना म्हणाली. "वाईट ते आधीपासून म्हणायचे."

परतल्यावर मी दळवींना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "काही म्हणजे काहीच नाही?" मी म्हटलं, "अटी माझ्या नाहीत. मान्य असेल तर सांगा." त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर डबा होता. ऋतुजा कंपनीच्या बसमधून उतरली, डबा वॉचमनच्या टेबलावर ठेवला आणि आत न बघता निघून गेली. दुपारी दळवींनी तो टेबलावर उघडला. कारल्याची भाजी होती, केबिनच्या काचेतून मला दिसली. पाटीलही मशीन बंद करून बघत होता. दळवींनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून जेवले. नंतर ते उठले, माझ्या केबिनच्या दाराशी आले, तोंड उघडलं.

"दळवी," मी म्हटलं.

ते तसेच मागे वळले. बेसिनशी जाऊन डबा धुतला, फडक्यानं पुसला आणि गेटवर ठेवून आले.

संध्याकाळी नयनाचा फोन आला.

"काही म्हणाले?"

"नाही."

"काहीच?"

"एक शब्द नाही."

थोडा वेळ नुसती पलीकडची भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, "डबा धुतलेला आलाय. त्यांनी कधी धुतला नव्हता."

"आज धुतला. मी बघितलं."

"तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"नाही गं."

"मग पाटलांनी?"

"कोणी नाही."

"नक्की ना, ताई? कोणीच सांगितलं नाही ना त्यांना?"

मी म्हटलं, नक्की. मुलांची शपथ घेऊन म्हटलं. मला वाटलं फोन कट झाला, पण भांड्यांचा आवाज चालू होता. मग तिनं परत तेच विचारलं.

डबा रोज येतो. धुतलेला परत जातो. नयना रोज संध्याकाळी फोन करते, आणि मी रोज तिला शपथ घेऊन सांगते.